निद्रिस्त जंतू आणि जागृत श्रावक

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा पाठ)



डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांचा विचार जैन परंपरेला नवा नाही. पाणी गाळून पिणे, उकळून पिणे, पाहून पाऊल टाकणे हे आचार सूक्ष्मदर्शक यंत्राच्या कितीतरी शतके आधीपासून आपल्या घरांत चालत आले आहेत. सतराव्या शतकात हॉलंडच्या लेव्हेनहूकने भिंगातून जिवाणू पाहिले, तेव्हा विज्ञानाने अशा सृष्टीचे दार उघडले. विशेष म्हणजे हा लेव्हेनहूक कापडाचा व्यापारी होता आणि सुताची प्रत तपासण्याचे भिंग त्या धंद्यात नित्याचेच होते.

आजचा विषय अशाच एका सूक्ष्म जीवाचा आहे. तो म्हणजे क्षयरोगाचा जंतू आणि त्याची झोप. धर्मसंस्थेच्या सुवर्णमहोत्सवात हा विषय कशासाठी, असे कोणास वाटेल. परंतु नांदेड-लातूर परिसरातील अनेक घरांत एक प्रश्न विचारला जातो आणि त्याचे उत्तर न मिळाल्याने माणसे दगावतात. प्रश्न असा की, औषध सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागते. मग गोळ्या सहा महिने कशासाठी? या प्रश्नाचे खरे उत्तर ‘झोप’ या एका शब्दात आहे.

डब्लिनची परीक्षानळी

पेनिसिलिन नवे होते त्या काळची गोष्ट. १९४२ मध्ये ग्लॅडिस हॉबी या अमेरिकन संशोधिकेच्या ध्यानात आले की, पेनिसिलिनने जिवाणूंचा फार मोठा भाग मरतो, पण सुमारे एक टक्का शिल्लक राहतो. पुढे १९४४ मध्ये डब्लिनचे जोसेफ बिगर यांनी स्टॅफिलोकॉकस या जिवाणूवर प्रयोग केले. गढूळ द्रावणात पेनिसिलिन घातले की ते निवळे. परंतु त्यातील अंश पुन्हा पोषक द्रवात टाकला की काही वेळा जिवाणू परत वाढत. दशलक्षांत एखादा वाचलेला असे.

बिगर यांनी पुढची पायरी गाठली, ती महत्त्वाची. वाचलेल्यांची नवी प्रजा वाढवून तिला पुन्हा पेनिसिलिन दिले. ती प्रजा मूळ प्रजेइतकीच मेली आणि पुन्हा मूठभर वाचले. याचा अर्थ, वाचलेल्यांना कोणतेही कवच लाभले नव्हते. औषध आले त्या घटकेला ते फक्त निष्क्रिय होते. अशा जिवाणूंना बिगर यांनी इंग्रजीत ‘पर्सिस्टर’ असे नाव दिले. मराठीत त्यांना ‘तगून राहणारे’ म्हणता येईल.

येथे दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये. एक आहे प्रतिकार, तर दुसरे आहे तगणे. प्रतिकारात जिवाणूच्या जनुकात कायमचा बदल घडतो. तो औषधाच्या उपस्थितीतही वाढतो आणि हा वारसा पुढील पिढ्यांना देतो. तगण्यात जनुक बदलत नाही. जिवाणू वाढत नाही, पण मरतही नाही. संकट टळण्याची वाट पाहतो.

बंद मागात काठी

औषध झोपलेल्याला का मारू शकत नाही? नांदेडच्या एके काळच्या उस्मानशाही मिलचे माग ज्यांनी चालताना पाहिले असतील, त्यांना हे चटकन कळेल. चालत्या मागात काठी घातली तर ताणा तुटतो, धोटा उडतो, सारा माग मोडतो. बंद मागात तीच काठी घातली तर काहीच होत नाही. बहुतेक प्रतिजैविके म्हणजे अशी चालत्या यंत्रात घातलेली काठी होय. पेनिसिलिन जिवाणूच्या भिंतीच्या बांधकामात बिघाड करते. स्ट्रेप्टोमायसिन प्रथिने विणण्याच्या कामात चुका घडवते. आयसोनियाझिड क्षयजंतूच्या मेणचट आवरणाची घडण अडवते. बांधकामच थांबलेले असेल तर बिघडवायचे काय?

ही झोप म्हणजे आळस किंवा मरणासन्न अवस्था नव्हे. ती मोठी शिस्तबद्ध तयारी असते. लातूरकरांना २०१६ चा उन्हाळा आठवत असेल. मांजरा धरण कोरडे पडले, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या महिन्यांत शहर वाढले नाही, पण जगले. बांधकामे थांबली, पाणी लागणारे उद्योग मंदावले. पिण्याचे आणि दवाखान्याचे पाणी तेवढे राखले गेले. टंचाईची दवंडी पिटली गेली आणि प्रत्येकाने आपला खर्च आवरला.

जिवाणूतही अशी दवंडी असते. अन्नघटकांची टंचाई झाली की पेशीत एका लहानशा रेणूचे प्रमाण एकदम वाढते. शास्त्रज्ञ त्याला ‘पीपीजीपीपी’ या संक्षिप्त नावाने ओळखतात. तो पसरला की नवी प्रथिने घडवण्याची यंत्रणा आवरती घेतली जाते, विभाजन थांबते आणि शिल्लक शक्ती डागडुजीकडे वळते. जमाखर्चाच्या भाषेत सांगायचे तर भांडवली खर्च शून्य आणि फक्त देखभाल खर्च चालू. याशिवाय पेशीत विष आणि उतारा यांच्या जोड्या असतात. एरवी उतारा विषाला बांधून ठेवतो. उतारा घटला की मोकळे झालेले विष पेशीची स्वतःचीच कामे थांबवते. क्षयजंतूच्या जनुकसंचात अशा ऐंशीच्या आसपास जोड्या सापडल्या आहेत. झोपेत त्यांचा वाटा नेमका किती, यावर अजून मतभेद आहेत.

सर्वच झोपणारे औषध पाहून झोपतात असेही नाही. २००४ मध्ये नताली बालाबान आणि सहकाऱ्यांनी एकेका जिवाणूवर सूक्ष्मदर्शकातून पाळत ठेवली. तेव्हा दिसले की, समृद्धीच्या काळातही काही थोडे जिवाणू आधीच निजलेले असतात. औषध आले की जागे मरतात, निजलेले उरतात. दूरदर्शी व्यापारी सगळे भांडवल एकाच मालात गुंतवत नाही, तशीच ही निसर्गाची तरतूद म्हणायची.

क्षयजंतूचे पेव

क्षयाचा जंतू या विद्येत सर्वांत निष्णात आहे. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी त्याचा शोध जाहीर केला. मुळातच तो संथ. आतड्यातला सामान्य जिवाणू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, तर क्षयजंतूला सुमारे एक दिवस लागतो. श्वासावाटे तो फुप्फुसात शिरला की शरीरातील रक्षक पेशी त्याला गिळतात आणि त्याच्याभोवती पेशींची तटबंदी उभी करतात. त्या गाठीत प्राणवायू कमी, आम्लता अधिक, अन्न तुटपुंजे अशी स्थिती असते.

अमेरिकेतील लॉरेन्स वेन यांनी ही स्थिती परीक्षानळीत निर्माण केली. प्राणवायू एकाएकी काढून घेतला तर क्षयजंतू मरत. तोच हळूहळू संपू दिला तर जंतू जुळवून घेत, विभाजन थांबवत आणि दीर्घकाळ जिवंत राहत. म्हणजे झोपण्यासाठीही त्यांना तयारीचा अवधी लागतो. ही तयारी सुरू करणाऱ्या जनुकीय कळीच्या अभ्यासात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील जया त्यागी यांच्या गटाचा मोठा वाटा आहे. ‘डेव्ह-आर’ किंवा ‘डॉस-आर’ या नावाने ओळखली जाणारी ही कळ दाबली गेली की सुमारे ४८ जनुके एकदम कामाला लागतात.

मग जंतू साखरेवरून चरबीवर येतो. तो यजमानाच्या शरीरातील स्निग्ध पदार्थ व कोलेस्टेरॉल खाऊन गुजराण करतो आणि स्वतःच्या पेशीतही चरबीचे थेंब साठवतो. मराठवाड्यातील जुन्या वाड्यांत जमिनीखाली धान्याचे पेव असे. दुष्काळात ते उघडले जाई. क्षयजंतूचे पेव चरबीचे असते. प्राणवायूऐवजी नायट्रेटचा उपयोग करण्याची सोयही त्याच्याकडे आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत धीमान सरकार यांच्या गटाने नेमका या खुणेचा उपयोग केला. निद्रिस्त जंतू नायट्रेटपासून नायट्राइट बनवतात आणि ते रसायनाने गुलाबी रंग देते. हा रंग मोजून झोपलेल्या जंतूंवर कोणते द्रव्य चालते हे शोधण्याची पद्धत त्यांनी बसवली.

अशी झोप किती जणांच्या शरीरात असेल? २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ वर्षांवरील भारतीयांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांत क्षयसंसर्गाची खूण आढळली. त्यांतील बहुतेकांना रोग कधीच होणार नाही. परंतु कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, तंबाखू किंवा वार्धक्य यांनी तटबंदी ढासळली की आत निजलेला जागा होतो. म्हणून क्षय हा झोपडीचा रोग, पेढीवाल्याला त्याचे काय, हा समज खोटा आहे. मधुमेह आपल्या समाजात किती आहे, हे सांगण्याची गरज नाही.

उपशम आणि क्षय

हा सर्व प्रकार जैन श्रोत्याला ओळखीचा वाटावा. आपल्या कर्मसिद्धांतात उदयात आलेले कर्म वेगळे आणि सत्तेत पडून असलेले कर्म वेगळे. मोहनीय कर्मावर मात करण्याच्या दोन श्रेणी सांगितल्या आहेत. उपशम श्रेणीने चढणारा साधक मोहाला दाबतो आणि अकराव्या उपशांतमोह गुणस्थानी पोहोचतो. तेथे सर्व शांत, निर्मळ दिसते. परंतु गढूळ पाण्यात निवळी फिरवल्यावर गाळ तळाशी बसावा, तशी ती निर्मळता असते. भांडे हलले की गाळ वर येतो आणि साधक खाली उतरतो. क्षपक श्रेणीने चढणारा गाळच काढून टाकतो. तो अकराव्या पायरीवर थांबत नाही. दहाव्यातून थेट बाराव्या क्षीणमोह गुणस्थानी जातो आणि तेथून पतन नाही.

तीन आठवड्यांच्या गोळ्यांनी ताप जातो, तो उपशम. सहा महिन्यांच्या गोळ्यांनी जंतू जातो, तो क्षय. ही केवळ उपमा आहे. क्षयरोगी मनुष्य कोणत्या पापाचे फळ भोगत आहे, असा अर्थ कोणीही यातून काढू नये. रोग जंतूने होतो, पापाने नव्हे.

या उपशमाचा पुरावा १९५० च्या दशकात न्यूयॉर्कच्या कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून आला. क्षयग्रस्त उंदरांना आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड तीन महिने दिले. त्यांच्या अवयवांत एकही जंतू वाढवून मिळेना. औषध बंद करून तीन महिने थांबल्यावर सुमारे एक तृतीयांश उंदरांत जंतू परतले, आणि ते औषधाला पूर्वीसारखेच बळी पडणारे होते. प्राण्यांवरील प्रयोग जैन मनाला क्लेश देतात आणि ते स्वाभाविक आहे. परंतु त्या जीवांच्या मोलाने मिळालेले ज्ञान गोळ्या अर्ध्यावर सोडून वाया घालवणे, हे अधिक क्लेशदायक म्हणावे लागेल.

सहा महिने कसे ठरले

सध्याच्या प्रमाणित उपचारात पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथाम्ब्युटॉल ही चार औषधे असतात. पुढील चार महिने पायराझिनामाइड वगळून तीन. प्रत्येकाचे काम वेगळे. आयसोनियाझिड जागे, वेगाने वाढणारे जंतू मारते. म्हणून रुग्णाला लवकर बरे वाटते. रिफाम्पिसिन मधूनच क्षणभर डोळे उघडणाऱ्या जंतूला गाठते. पायराझिनामाइड आम्लधर्मी जागी अर्धनिद्रेत असलेल्यांवर चालते. ही दोन औषधे नीट जुळल्यामुळेच पूर्वीचा दीड-दोन वर्षांचा उपचार सहा महिन्यांवर आला. उरलेले महिने म्हणजे झोपलेला केव्हा कूस बदलतो, याची पाळत होय.

अलीकडचे बेडाक्विलिन हे औषध अधिक खोलवर जाते. निजलेल्या जंतूलाही जगण्यापुरती ऊर्जा लागतेच. ती तयार करणारे यंत्रच हे औषध बंद पाडते. बंद मागाचा नव्हे, तर तेवत्या समईचा विचार केलेले हे औषध आहे. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ते २०१६ मध्ये आले.

गोळ्या मधेच सोडल्या तर काय होते, याची दोन उत्तरे आहेत. पहिले उत्तर कॉर्नेलचे उंदीर देतात: रोग उलटतो. दुसरे अधिक भयंकर आहे. २०१४ मध्ये बालाबान यांच्याच गटाने आतड्यातील जिवाणूंना दररोज ठराविक तास प्रतिजैविक दिले. एका गटाला तीन तास, दुसऱ्याला पाच, तिसऱ्याला आठ. काही दिवसांतच प्रत्येक गटाची झोप जवळजवळ तेवढ्याच तासांची होऊन बसली. २०१७ मध्ये त्यांनी दाखवले की, असे तगणारे जिवाणूच पुढे खऱ्या प्रतिकाराची पायरी सहज चढतात. जो जास्त काळ जिवंत राहतो, त्याला बदल घडण्याची संधीही जास्त मिळते.

महाराष्ट्राने याचे फळ पाहिले आहे. १९९१ च्या मुंबईतील एका पाहणीत १०० खाजगी डॉक्टरांनी क्षयावर ८० निरनिराळ्या प्रकारची औषधयोजना लिहून दिली होती. त्यानंतर वीस वर्षांनी, २०११ च्या अखेरीस, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी तपासलेल्या सर्व औषधांना दाद न देणारे चार क्षयरुग्ण नोंदवले. त्या रोगाला कोणते नाव द्यावे यावर वाद झाला. रुग्णांच्या हालांवर वाद नव्हता.

आपल्या घरातील धोके

आपल्या भागात औषध सुटण्याची कारणे ठाऊक आहेत. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील कुटुंबे ऊसतोडीला जातात, देगलूर-बिलोलीकडील माणसे तेलंगणात मजुरीला जातात. पत्ता बदलतो आणि गोळी चुकते. मात्र खात्यापित्या घरांतही गोळी चुकते, आणि तेथील कारण लाज असते. मुलीचे लग्न जमायचे आहे, म्हणून तिचा आजार लपवला जातो. ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून दूरच्या शहरात तपासणी होते. पाहुणे आले की औषधाचा डबा कपाटात जातो. त्या डब्याबरोबर गोळीचा दिवसही जातो.

दुसरे कारण व्रताचे. पर्युषणात, दशलक्षण पर्वात उपवास करताना काहीजण औषधही सोडतात. तपाचा हा आग्रह शास्त्राला धरून नाही. सोळा कारण भावनांत तप ‘शक्तीनुसार’ सांगितले आहे. रुग्णाने शक्ती ओळखणे हाच तेथे धर्म आहे. रुग्णाने उपवास करावा की नाही हे डॉक्टरांना विचारून ठरवावे आणि गोळीचा एकही दिवस स्वतःच्या निर्णयाने गाळू नये. सहा महिने नेमाने घेतलेली गोळी हेही एक व्रतच आहे.

जंतू मारणे ही हिंसा नव्हे काय, असा प्रश्न काही वडीलधारी मंडळी विचारतात. गृहस्थासाठी शास्त्रकारांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे भेद केले आहेत. त्यांतील संकल्पी हिंसा त्याने पूर्णपणे वर्ज्य करायची आहे. स्वतःच्या व कुटुंबाच्या रक्षणासाठी घेतलेले औषध त्या प्रकारात मोडत नाही. उलट औषध टाकून घरातील बालकाला संसर्ग देणे, यातील प्रमादाचा विचार करावा.

ज्यांची औषधांची दुकाने आहेत, त्यांच्यावर विशेष जबाबदारी येते. १ मार्च २०१४ पासून क्षयाची औषधे आणि अनेक प्रतिजैविके ‘शेड्यूल एच-१’ मध्ये आली. चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत आणि विक्रीची नोंद वेगळ्या वहीत ठेवावी लागते. जुन्या खोकल्यावर चिठ्ठीशिवाय दिलेली प्रतिजैविकाची पट्टी कधी कधी क्षयाचे निदान लांबवते. ती वही कायद्यासाठी आहेच. तिला अणुव्रताचीही वही मानावे.

चार दाने

आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान ही चार दाने श्रावकाला सांगितली आहेत. क्षयरोगाला ही चारही लागतात.

औषधदान शासन करते. तपासणी व गोळ्या सरकारी केंद्रांत विनामूल्य आहेत. घरात रुग्ण असेल तर इतरांना रोग होऊ नये म्हणून प्रतिबंधक उपचारही मिळतो. निजलेल्याला निजलेला असतानाच गाठण्याचा तो मार्ग आहे.

आहारदान आपल्या हाती आहे. २०१९ पासून झारखंडमध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे २,८०० रुग्ण आणि त्यांचे १०,००० हून अधिक कुटुंबीय यांचा समावेश होता. ज्या कुटुंबीयांना पुरेसे धान्य-डाळ मिळाली, त्यांच्यात नव्या क्षयाचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळले. धान्याच्या पिशवीने रोग अडतो, असे हे सिद्ध झाले. शासन नोव्हेंबर २०२४ पासून रुग्णाला पोषणासाठी दरमहा १,००० रुपये देते. सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘निक्षय मित्र’ योजनेत संस्था किंवा व्यक्ती रुग्णाचे पोषण-पालकत्व घेऊ शकते. प्रौढासाठी सुचवलेल्या मासिक शिध्यात तीन किलो धान्य, दीड किलो डाळ, पाव किलो तेल आणि एक किलो दूधभुकटी किंवा शेंगदाणे येतात. यात आपल्या आचाराला बाधक असे काहीही नाही.

ज्ञानदान म्हणजे पाठशाळेत, महिला मंडळात एवढे एकच वाक्य पोहोचवणे: ताप गेला म्हणजे जंतू गेला नाही. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकी तपासून घ्यावी, हे त्यासोबत सांगावे.

आणि अभयदान सर्वांत स्वस्त असून सर्वांत दुर्मिळ आहे. १९५६ मध्ये मद्रास येथे सुरू झालेल्या केंद्राने १९५९ मध्येच दाखवून दिले की, औषध नियमित असेल तर घरी राहणारा रुग्ण सॅनिटोरियममधील रुग्णाइतकाच बरा होतो आणि त्यामुळे घरच्यांचा धोका वाढत नाही. ज्याला वेगळे ताट, वेगळी खोली आणि वेगळी नजर मिळत नाही, तोच उघडपणे गोळी घेतो. भीती गेली तरच सहा महिने पुरे होतात.

सुवर्णमहोत्सवाचा हिशेब पन्नास वर्षांचा आहे. ट्रस्टने प्रत्येक वर्षामागे एक याप्रमाणे नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील पन्नास क्षयरुग्णांचे पोषण-पालकत्व उपचार पूर्ण होईपर्यंत घ्यावे, जात-धर्म न पाहता घ्यावे, आणि पन्नासावी शेवटची गोळी घेतली गेल्याची नोंद ट्रस्टच्या वहीत व्हावी, असा प्रस्ताव समाजापुढे ठेवून हे विवेचन पूर्ण करण्यात येत आहे. जंतू सहा महिने निजू शकतो. श्रावकाला सहा महिने जागे राहता आले पाहिजे.

जय जिनेंद्र!